ऑनलाइन अभ्यासक्रमाची लांबी व रचना : आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने एक विचार

(बी. ए. भाग दोन)

‘अभ्यासक्रम किती आठवड्यांचा ठेवावा?’ हा प्रश्न ऐकताना किरकोळ वाटतो. चार आठवडे ठेवा, आठ ठेवा, नाहीतर बारा ठेवा. त्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणीही म्हणेल. परंतु गेल्या वर्षभरात ह्या विषयावर जे थोडेफार वाचन मी केले आणि माझ्या वर्गातील मैत्रिणींशी जे बोलणे झाले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की, ऑनलाइन अभ्यासक्रम कोण पुरा करणार आणि कोण मध्येच सोडणार, हे पुष्कळसे त्याच्या लांबीवर आणि रचनेवर अवलंबून असते. शिकविणारे प्राध्यापक कितीही विद्वान असोत, आराखडा चुकला की विद्यार्थी अर्ध्या वाटेवर थांबतो.

हा प्रश्न आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. उमरखेडचा विद्यार्थी आणि वणीचा विद्यार्थी ह्यांच्यामध्ये सारा जिल्हा पसरलेला आहे. पुष्कळ मुले-मुली रोज एस. टी. ने येऊन शिकतात. माझ्यासारख्या अनेकजणी घरातून महाविद्यालयात आलेल्या पहिल्याच आहेत. घरी अभ्यासाविषयी विचारावे असे कोणी नाही, आणि शेतीचे काम तर कोणालाच चुकत नाही. अशा विद्यार्थ्यांसाठी घरबसल्या शिक्षण ही मोठी सोय ठरावी. ती तशी ठरते की नाही, आणि ठरावी म्हणून अभ्यासक्रमाची आखणी कशी असावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न आहे.

थोडा इतिहास

शाळेची वेळ शिकणाऱ्याच्या दिवसाकडे पाहून ठरवावी, ही कल्पना आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणारा माणूस दिवसा शाळेत येऊ शकत नाही, म्हणून शाळा रात्री भरवावी, इतका तो सरळ हिशेब होता.

पुढे पत्राद्वारे शिक्षणाची पद्धत आली. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रव्यवहाराने पदवी शिक्षण देण्यास प्रारंभ केला. इंग्लंडातील मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली व १९७१ पासून तेथे अध्यापन सुरू झाले. १९७५ च्या १ ऑगस्टपासून वर्षभर आपल्या देशात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यात सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळचे अडीच तास मोठ्या माणसांसाठी राखलेले होते. माणसे शेतावरून परत आल्यावरच संच लावावा, हे त्या योजना आखणाऱ्यांनी ओळखले होते. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासकेंद्राच्या पाटीवर वाचले असेल.

आय. आय. टी. संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ह्यांनी मिळून २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला. पुढे ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ ह्या व्यासपीठाचे उद्घाटन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार पदवीच्या एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंतचे विषय ‘स्वयम्’वरून पूर्ण करण्याची मुभा होती, २०२१ च्या नियमांनी ती मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत नेली. म्हणजे हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही. आपल्या गुणपत्रिकेशी त्याचा संबंध आला आहे.

लांबी आठवड्यांत मोजावी की तासांत?

जाहिरातीत अभ्यासक्रमाची लांबी आठवड्यांत सांगतात. परंतु आठवडा हे माप फसवे आहे. ‘चार आठवड्यांचा अभ्यासक्रम’ म्हणजे लहान आणि ‘बारा आठवड्यांचा’ म्हणजे मोठा, एवढेच त्यावरून कळते. दर आठवड्याला किती तास बसावे लागेल, हे कळत नाही.

त्यासाठी श्रेयांकाचा हिशेब समजून घेतला पाहिजे. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे अध्ययन धरले आहे. ह्यात केवळ व्याख्यान ऐकण्याचा वेळ नाही. वाचन, टिपणे, स्वाध्याय, परीक्षेची तयारी हे सारे त्यात आले. एनपीटीईएलमध्ये साधारणपणे चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला १, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला २ आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला ३ श्रेयांक धरतात. आता भागाकार करून पाहू. ३० तास भागिले ४ आठवडे म्हणजे आठवड्याला साडेसात तास. ६० भागिले ८ म्हणजेही साडेसात. ९० भागिले १२ म्हणजेही साडेसातच. तेव्हा अभ्यासक्रम लहान असो की मोठा, आठवड्याचे ओझे तेवढेच आहे. फरक फक्त ते किती दिवस वाहायचे एवढाच.

साडेसात तास म्हणजे सोमवार ते शनिवार रोज एक तास आणि रविवारी दीड तास. जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे जड नाही. पण पहाटे उठून घरचा स्वयंपाक-पाणी आटोपून, सकाळची एस. टी. पकडून, सायंकाळी परत येऊन पुन्हा चुलीपुढे बसणाऱ्या मुलीचा एक तास कोठून काढायचा? आणि घरात एकच मोबाइल असेल व तो दिवसभर भावाजवळ किंवा वडिलांजवळ असेल, तर तिला मिळणारा तास हा रात्री नऊनंतरचा, थकलेला तास असतो. तिच्याकडून आठवड्याला चार तासांच्या वर अपेक्षा करता येत नाही. ६० तासांचे काम आठवड्याला चार तासांनी करायचे, तर पंधरा आठवडे लागतील. तिच्या दृष्टीने आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम हा पंधरा आठवड्यांचाच आहे. पुस्तिकेवर मात्र ‘आठ’ छापलेले असते.

ह्यात भाषेचीही भर घालावी लागते. ‘स्वयम्’वरील बहुसंख्य अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पंचवीस मिनिटांचे इंग्रजी व्याख्यान पंचवीस मिनिटांत संपत नाही. थांबवावे लागते, मागे न्यावे लागते, शब्दकोश पाहावा लागतो. सहज तासभर जातो. आपल्या जिल्ह्यात घरी कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारे विद्यार्थी आहेत. त्यांना तर मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. अभ्यासक्रमाचे तास मोजताना ते कोणाच्या घड्याळाने मोजले, हा प्रश्न म्हणून विचारला पाहिजे.

सोडून जाणारे केव्हा सोडून जातात?

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ व एम. आय. टी. ह्या संस्थांनी २०१२-१३ ह्या पहिल्या वर्षातील आपल्या १७ ऑनलाइन अभ्यासक्रमांचे आकडे प्रसिद्ध केले आहेत. एकूण नोंदणी ८,४१,६८७. त्यांपैकी प्रमाणपत्र मिळविले ४३,१९६ जणांनी, म्हणजे शेकडा पाचांनी. अर्धा किंवा अधिक भाग पाहिला पण प्रमाणपत्र घेतले नाही, असे ३५,९३७. अर्ध्याहून कमी भाग पाहणारे ४,६९,७०२. आणि नाव नोंदवून अभ्यासाचे एक पानही न उघडणारे २,९२,८५२, म्हणजे शेकडा पस्तीसच्या जवळपास.

ह्या आकड्यांवरून पुष्कळजण असा निष्कर्ष काढतात की ऑनलाइन शिक्षण अयशस्वी आहे. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. फुकट नोंदणी करणारे सर्वचजण प्रमाणपत्रासाठी आलेले नसतात. काहीजण केवळ डोकावून जातात. पण ह्यातील दुसरी गोष्ट आराखड्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे. अर्धी वाट चालून गेलेल्यांपैकी, म्हणजे ४३,१९६ आणि ३५,९३७ मिळून जे ७९,१३३ होतात त्यांपैकी, निम्म्याहून अधिक लोक शेवटपर्यंत पोचले. गळती मुख्यतः आरंभी आहे. तेव्हा पहिल्या आठवड्याची आखणी सर्वांत काळजीपूर्वक व्हावयास हवी. प्रत्यक्षात पहिला आठवडा हा बहुधा ‘प्रास्ताविक’, ‘व्याख्या’, ‘विषयाचे स्वरूप व व्याप्ती’ ह्यांत जातो. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच काहीतरी करता आले, ‘हे मला जमले’ असे वाटले, तर तो दुसऱ्या आठवड्याला येतो.

व्याख्यानाच्या लांबीविषयीही एक अभ्यास उपलब्ध आहे. २०१४ मध्ये गुओ, किम व रूबिन ह्या संशोधकांनी चार अभ्यासक्रमांतील चित्रफिती पाहण्याच्या ६९ लाख प्रसंगांची पाहणी केली. चित्रफीत कितीही लांब असली तरी पाहणारा साधारणतः सहा मिनिटांच्या आतच टिकतो, असे त्यांना आढळले. ह्यावरून ‘व्याख्यान सहा मिनिटांचेच असावे’ असा नियम करणे बरोबर होणार नाही. एखादा ऐतिहासिक युक्तिवाद किंवा एखादी कविता सहा मिनिटांत उलगडत नाही. मात्र एक तासाचे वर्गातील व्याख्यान जसेच्या तसे चित्रित करून ठेवणे म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम नव्हे, एवढे त्यातून निश्चित निघते. २०२० च्या टाळेबंदीनंतर आपण सर्वांनी ह्याचा अनुभव घेतलेला आहे.

खर्चाचाही विचार येथेच करून टाकू. साध्या प्रतीचे चित्र सेकंदाला ५०० किलोबिट घेते असे धरले, तर एका तासाला २२५ एम. बी. लागतात, वीस तासांना साडेचार जी. बी. तेच व्याख्यान केवळ आवाजाच्या रूपात ६४ किलोबिटने दिले, तर एका तासाला सुमारे २९ एम. बी. आणि वीस तासांना ६ जी. बी. च्या दहाव्या भागाहूनही कमी लागते. ज्या व्याख्यानात चित्राचे काम नाही, ते ध्वनिफितीच्या रूपातही द्यावे. रेंज नसलेल्या गावात ते आधी उतरवून घेऊन एस. टी. त ऐकता येते. ह्या बाबतीत ‘स्वयंप्रभा’ ह्या डिश अँटेनावरील वाहिन्यांची पद्धत अनुकरणीय आहे. तेथे रोज किमान चार तासांचा नवा कार्यक्रम लावून तोच दिवसात आणखी पाच वेळा दाखवितात, म्हणजे चोवीस तासांत सहा वेळा. ज्याला जी वेळ सोयीची, त्याने त्या वेळी पाहावे.

घटकाची अंतर्गत रचना

‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमाला चार अंगे असतात : चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि शंकानिरसनासाठी चर्चा. रचना उत्तम आहे. प्रश्न असतो तो ह्या चार अंगांना वेळ कसा वाटून द्यावा ह्याचा. बहुतेक ठिकाणी सर्व भर व्याख्यानावर पडतो आणि चर्चेचे अंग सुकते.

ह्यासाठी आराखडा उलट्या बाजूने करावा, असे शिक्षणशास्त्रज्ञ सांगतात. विगिन्स व मॅकटाय ह्या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी १९९८ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. प्रथम ठरवावे की अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे. नंतर ठरवावे की ते त्याला करता येते हे कशावरून ओळखायचे, म्हणजे परीक्षा. आणि सर्वांत शेवटी ठरवावे की त्यासाठी काय शिकवायचे. आपण नेमके उलट करतो. प्रथम पाठ्यपुस्तकातील प्रकरणे मोजतो, प्रत्येक प्रकरणाला एक आठवडा देतो, आणि परीक्षा शेवटी जोडतो. शेतकरी बियाणे घेण्यापूर्वी शेत किती एकर, जमीन हलकी की भारी, ओलित की कोरडवाहू, हे आधी पाहतो. दुकानात जेवढ्या पिशव्या असतील तेवढ्या सर्व पेरीत नाही.

एक नमुना : ‘सातबारा वाचू या’

केवळ तत्त्वे सांगून भागत नाही, म्हणून एक नमुना मांडून पाहते. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी सातबाऱ्याचा कागद असतो. तो पीककर्जाला लागतो, विम्याला लागतो, वाटणीला लागतो. पण पुष्कळ घरांत तो वाचता येणारे कोणी नसते. पदवीधर मुलगाही तो घडी घालून ठेवून देतो. ह्या विषयावर एक लहान ऑनलाइन अभ्यासक्रम आखायचा आहे असे समजू.

प्रकरणांच्या पद्धतीने गेलो तर काय होईल? पहिल्या आठवड्यात मलिक अंबरची जमीन-महसूल पद्धत, दुसऱ्यात १८५३ नंतरचा वऱ्हाडातील इंग्रजी कारभार, तिसऱ्यात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, चौथ्यात संहितेतील व्याख्या. आणि सातबाऱ्याचा कागद पाचव्या आठवड्यात उघडणार. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, मला हा इतिहास प्रिय आहे. तरीही मी म्हणेन की पाचव्या आठवड्यापर्यंत अर्धे लोक निघून गेलेले असतील.

आता उलट बाजूने जाऊ. अंतिम उद्दिष्ट असे ठेवू : ‘आपल्या गावातील कोणताही सातबारा हाती घेऊन विद्यार्थ्याने त्यावरील दहा प्रश्नांची बिनचूक उत्तरे द्यावीत.’ परीक्षा आपोआप ठरली : न पाहिलेला सातबारा आणि दहा प्रश्न. त्यासाठी सहा घटक पुरतात.

पहिला घटक : गाव नमुना सात. गट क्रमांक कोठे, खातेदाराचे नाव कोठे, भोगवटादार वर्ग एक व वर्ग दोन म्हणजे काय. वर्ग दोनच्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध असतात, एवढे कळले तरी पहिल्या आठवड्यात मोठी गोष्ट हाती आली.

दुसरा घटक : क्षेत्र. हेक्टर व आर ही मापे, शंभर आर म्हणजे एक हेक्टर, एक एकर म्हणजे सुमारे साडेचाळीस आर. पोटखराबा म्हणजे काय, आकारणी म्हणजे काय.

तिसरा घटक : ‘इतर हक्क’ हा रकाना. कर्जाचा बोजा येथेच दिसतो. कर्ज फिटले तरी बोजा उतरला आहे की नाही, हे येथेच पाहायचे.

चौथा घटक : गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पीक नोंदविण्याची पद्धत, येथे शिकवावी.

पाचवा घटक : आठ-अ, म्हणजे एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनीचा गोषवारा, तो सातबाऱ्याशी ताडून पाहणे.

सहावा घटक : फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा. वारसाची नोंद, खरेदीची नोंद, हरकत घेण्याचा हक्क. मुलींची नावे वारस म्हणून लागली आहेत की नाहीत, हेही येथे तपासता येते. माझ्या मते ह्या एका घटकासाठी तरी हा अभ्यासक्रम प्रत्येक मुलीने करावा.

आता प्रत्येक घटकाचा वेळ. पाहणे-ऐकणे २५ मिनिटे, तीही तीन तुकड्यांत. वाचन २५ मिनिटे. स्वतःच्या घरच्या कागदावर प्रत्यक्ष काम ६० मिनिटे. चाचणी १५ मिनिटे. चर्चा २५ मिनिटे. एकूण १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास. सहा घटकांचे १५ तास, म्हणजे अर्धा श्रेयांक. सर्वांत मोठा वाटा कामाला दिला आहे, व्याख्यानाला नाही, हे लक्षात यावे. सहा घटकांना सहा आठवडे, मध्ये एक मोकळा आठवडा मागे राहिलेल्यांसाठी आणि शेवटचा परीक्षेचा, असे आठ आठवडे होतात. इतिहासाचे काय? तो वगळायचा नाही. प्रत्येक घटकाच्या वाचनात त्या त्या रकान्याचा इतिहास एक-दोन परिच्छेदांत द्यावा. बोजा पाहिल्यावर सावकारीचा इतिहास वाचला, तर तो डोक्यात बसतो.

हंगाम आणि वेळापत्रक

‘स्वयम्’ची सत्रे जानेवारी व जुलै अशी दोन. जुलैच्या सत्रातील बारा आठवडे आपल्याकडील कामांशी ताडून पाहू. जुलै-ऑगस्टात निंदण आणि डवरणी. मग पोळा, गणपती. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. त्यालाच लागून कापसाची पहिली वेचणी आणि दिवाळी. म्हणजे अभ्यासक्रमाचे शेवटचे, सर्वांत अवघड आठवडे आणि शेतातील सर्वांत निकडीचे आठवडे एकमेकांवर येतात. त्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, आणि घरची शिकणारी मुलगी हाच घरचा मजूर असतो. जानेवारीच्या सत्रात आरंभी तुरीचा आणि उरलेल्या वेचणीचा ताण असतो, पण उलंगवाडीनंतर हात मोकळे होतात. जुलैचा अभ्यासक्रम ज्या ठिकाणी सुटतो, त्या ठिकाणी जानेवारीचा अभ्यासक्रम सोपा होत जातो.

सारा देश आपल्या सोंगणीसाठी वेळापत्रक बदलणार नाही, हे उघड आहे. परंतु वेळापत्रकात सैलपणा ठेवता येतो आणि त्याचे उदाहरण समोर आहे. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारा स्वाध्यायांपैकी उत्तम आठच गुणांसाठी धरतात. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आठांपैकी सहा. चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात चारांपैकी तीन. हा नियम माझ्या मते साऱ्या आराखड्यातील सर्वांत शहाणपणाचा भाग आहे. मुदत आहे, म्हणून काम पुढे ढकलले जात नाही. पण चार आठवडे हातचे राखलेले आहेत, म्हणून सोंगणीच्या आठवड्यात स्वाध्याय राहिला तरी नाव कटत नाही. मात्र ही सवलत विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ठाऊक असली पाहिजे. ठाऊक नसेल तर एक स्वाध्याय चुकताच ‘आता आपले झाले’ असे समजून मुले सोडून देतात.

आणखी एक गोष्ट हिशेबात घ्यावी लागते. प्रमाणपत्रासाठी एनपीटीईएलमध्ये स्वाध्यायांचे २५ आणि लेखी परीक्षेचे ७५ असे गुण आहेत. स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० मिळवावे लागतात. शिकणे फुकट असले तरी परीक्षेला फी आहे आणि ती ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. केंद्र दूरच्या शहरात असेल तर प्रवासभाडे, एक दिवसाची बुडालेली मजुरी आणि मुलीबरोबर जाणाऱ्या माणसाचीही मजुरी, हे सारे अभ्यासक्रमाच्या लांबीतच मोडते. शेवटचा आठवडा आखताना ह्याचा विचार व्हावा.

एक आक्षेप

‘विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी अभ्यासक्रम आखडले तर दर्जा खालावेल’ असा आक्षेप गुरुजन घेतील, आणि तो रास्त आहे. लहान अभ्यासक्रम तोच चांगला, असे माझे म्हणणे नाही. भाषा शिकायला वेळ लागतो. संख्याशास्त्राला सराव लागतो. पंधरा तासांत कोणी इतिहासकार होत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की तास कमी करू नका, ते कसे पसरवायचे ह्याचा विचार करा. ६० तासांचे काम ६० तासांचेच राहू द्या. ते आठ आठवड्यांत बसवायचे की पंधरा, हे शिकणाऱ्याकडे पाहून ठरवा. मोठा अभ्यासक्रम असेल तर त्याचे दोन-तीन स्वतंत्र भाग करा आणि प्रत्येक भागाचे श्रेयांक वेगळे द्या. मग ज्याला ऑक्टोबरात थांबावे लागले, त्याच्या पदरात पहिला भाग तरी पडेल आणि जानेवारीत तो पुढून सुरुवात करील.

समारोप

वरील विवेचनावरून चार गोष्टी सांगता येतात. लांबी आठवड्यांत न सांगता तासांत सांगावी, आणि ते तास मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या गतीने मोजावेत. आखणी शेवटाकडून करावी, आणि पहिल्या आठवड्यातच विद्यार्थ्याच्या हाताला काम द्यावे. प्रत्येक घटकात व्याख्यानापेक्षा कृतीला अधिक वेळ असावा. आणि वेळापत्रकात हंगामासाठी जागा ठेवावी.

ह्यातील काही गोष्टी दिल्ली-मुंबईला ठरतात, पण सर्व नव्हे. आपल्या महाविद्यालयातही पुष्कळ करता येईल. कोणत्या अभ्यासक्रमाला आठवड्याला किती तास लागतील, ह्याचा तक्ता प्रवेशाच्या वेळीच सूचनाफलकावर लावता येईल. एकच अभ्यासक्रम घेतलेल्या पाच-सहा जणींचा गट करून, शनिवारी एक तास ग्रंथालयातील संगणकावर एकत्र बसता येईल. चर्चेचे जे अंग पडद्यावर सुकते, ते अशा गटात टवटवीत राहते. व्याख्याने उतरवून घेऊन ज्यांच्या गावी रेंज नाही त्यांच्या मोबाइलवर देता येतील. आणि सातबाऱ्यासारखा एखादा लहान अभ्यासक्रम आपल्या प्राध्यापकांनी व आपण विद्यार्थ्यांनी मिळून, आपल्या भाषेत, स्वतः तयार करावा. तो प्रथम आपल्याच दहा-वीस जणांवर चालवून पाहावा, प्रत्येक घटकाला खरोखर किती वेळ लागला ते वहीत लिहून ठेवावे, आणि पुढील वर्षी त्याप्रमाणे आखणी सुधारावी. गुरुजनांनी व विद्यार्थिमित्रांनी ह्या सूचनेचा अवश्य विचार करावा, ही नम्र विनंती.